कडू वेलाचं भांडं

आश्विन सरता सरता सातपुड्यातल्या छपरांवरचे भोपळे उघडे पडतात. तोवर पानांच्या गर्दीत ते कुणाच्या नजरेत आलेले नसतात. तळोद्याकडून चांदसैलीचा घाट चढून धडगावच्या वाटेला लागलं की घरं दाटीनं दिसत नाहीत. एकेक घर आपापल्या शेतात, आपापल्या उतारावर. बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती, त्यांवर शेणमातीचा हात फिरवलेला, वर कौलं. त्या कौलांवर पावसाळाभर चढत गेलेला वेल आता थकलेला असतो. पानं कडेनं करपलेली, तणावे वाळून कौलांना घट्ट धरून राहिलेले, आणि मधे मधे बसलेले भोपळे. कुणी गोल, कुणी लांब मानेचा, कुणी मधेच कंबर आवळल्यासारखा. भाजीच्या नजरेनं पाहिलं तर यांची वेळ केव्हाच टळून गेली. नख लावून बघावं तर नख रुतत नाही. पण भाजीसाठी ते कुणी लावलेलेच नसतात. हे कडू भोपळे.

माझा जीव या कडू भोपळ्यांत अडकला आहे. मी राहते शहाद्याला, खाली सपाटीवर. इथं केळी, ऊस, पपई. काळी जमीन, पाटाचं नाहीतर बोअरचं पाणी. भाजीबाजारात दुधी बारमाही मिळतो: लांब, पोपटी, कोवळा, सगळे एका मापाचे. पाकिटातलं बी पेरलं की तसाच येतो. बाजाराला पातळ सालीचा, मऊ गराचा, बिया न धरलेला दुधी हवा असतो आणि त्यात बाजाराची काही चूक नाही. मुगाची डाळ घालून केलेली त्याची भाजी मलाही आवडते. भांड्याला मात्र नेमकं याच्या उलट लागतं. साल जाड हवी, गर कमी असला तरी चालेल, फळ वेलावर जून होऊन कडक व्हायला हवं. जात एकच, पण माणसानं तिच्या दोन वाटा केल्या, एक ताटाकडे जाणारी आणि एक भांड्याकडे. ताटाकडची वाट आता हमरस्ता झाली आहे. दुसरीवर माणसं कमी उरली. ज्याला उपयोग नाही त्याचं बी कुणी जपत नाही, आणि दोन-तीन पावसाळे बी मातीत गेलं नाही तर ते उगवेलच याचा भरवसा नाही. मी वाळल्या भोपळ्याचे वाडगे करते, ते नक्षीकाम आवडतं म्हणून, हे खरंच. पण त्याहून अधिक यासाठी, की या कडू वेलाला सपाटीवरही लावण्याजोगं एक कारण मिळावं.

बी मला मिळालं ते तळोद्याच्या बाजूच्या एका पुनर्वसन वसाहतीत. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्राची ३३ गावं आली, ती सगळी आमच्या नंदुरबार जिल्ह्यातली, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. नर्मदेच्या काठची माणसं डोंगर सोडून या आखीव रस्त्यांच्या वसाहतींत आली. तिथं एका म्हाताऱ्या बाबांच्या ओट्यावर तिरप्या बांबूला भोपळे टांगलेले दिसले. मी हात लावला तसे ते हसले. नदीकाठच्या घराची कौलं आणली, दारं-खिडक्या आणल्या, ढोरं आणली, आणि हे बी आणलं, असं सांगताना त्यांनी कौलं आणि बी एकाच सुरात मोजली. मग एक भोपळा सोडवून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "ताई, याला वेलावरच मरू द्यायचं असतं. जिवंत तोडला तर घरात येऊन कुजतो."

भोपळ्याच्या भांड्याची सगळी विद्या मला या एका वाक्यात सापडली. बाकी जे आहे ते हातसफाईचं.

मृगाचा पाऊस धरून बी लावायचं. त्याआधी रात्रभर पाण्यात भिजत घातलं तर त्याचं टणक कवच लवकर सुटतं. सुरुवातीचे काही दिवस वेल मुकाट असतो, मग एकदा श्रावणाची झड लागली की रोज सकाळी तो कालच्याहून कुठेतरी पुढे गेलेला असतो. याची फुलं पांढरी. लाल भोपळ्याची पिवळी फुलं पहाटे उमलतात, मधमाश्या त्यांच्यामागे असतात. हा मात्र दिवेलागणीला उमलतो, रात्री पतंग येतात, आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढलं की फूल लोळागोळा. ज्यांनी हा वेल केवळ दिवसा पाहिलाय त्यांनी त्याचं फूल पाहिलेलंच नाही असं मी म्हणेन. भाद्रपदातल्या संध्याकाळी, पाऊस जरा थांबलेला असताना, छपराच्या अंधाऱ्या उतारावर ती चुरगळलेल्या मलमलीची फुलं उघडतात तेव्हा मी हातातलं काम ठेवून बाहेर येऊन उभी राहते. मादीफुलाच्या खाली बोटाच्या पेराएवढा लवदार भोपळा आधीच तयार असतो. फूल यायच्या आधीच फळाचा आकार ठरलेला.

तरीही पुढे तो आकार कुठे वाढतो यावर बराच अवलंबून असतो. मांडवाखाली लोंबला तर वजनानं मान लांब आणि सरळ होते. त्याचे डाव होतात, पाण्याचे तुंबे होतात. कौलावर बसला तर बूड सपाट होतं. वाडग्यासाठी मी असा बसका भोपळा शोधते. ज्या बाजूनं तो कौलावर टेकून वाढला, तीच बाजू पुढे टेबलावर टेकते. त्याला वेगळी बैठक द्यावी लागत नाही.

वेल वाळला, देठ तपकिरी होऊन लाकडासारखा कडक झाला की देठाचा तुकडा ठेवून फळ काढायचं. आता त्याला पाणी सोडायला लावायचं. ताज्या फळात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, आणि ते सारं बाहेर पडायला वाट एकच, ती कडक साल. म्हणून घाई चालत नाही. उन्हात ठेवला तर तडकतो. डोंगरातल्या घरांत चुलीच्या वर टांगतात. धूर लागतो, कीड लागत नाही, आणि सालीला हळूहळू गडद रंग चढतो. माझ्याकडे चूल नाही. मी मागच्या पडवीत, वारा खेळता राहील असे टांगते, एकमेकांना चिकटू देत नाही. वाळताना त्यावर बुरशी येते. आधी पांढरी, मग राखाडी, मग काळे ठिपके, काळी कडी, एकात एक वर्तुळं. घरातली मंडळी नाक मुरडतात, फेकून दे म्हणतात. बुरशीला भ्यायचं नसतं. अंगठ्यानं दाबून पाहायचं: कडक लागला तर आत सगळं ठीक चाललंय, दबला तर तो गेला. आणि अधूनमधून कानाशी धरून हलवायचा. आधी आवाजच नसतो, नुसतं जडपण इकडून तिकडे सरकतं. मग एके दिवशी आत काहीतरी सुटल्यासारखं वाटतं. आणि मग बिया वाजतात, कोरड्या, मोकळ्या. तोवर तो इतका हलका झालेला असतो की हाताला आपण काही धरलंय हे कळत नाही.

पौष-माघात भोपळे तयार होतात. या दिवसांत नंदुरबारच्या बाहेर मिरचीच्या पथाऱ्या पडलेल्या असतात, नजर जाईल तिथवर लाल, हवेत ठसका. आणि वर डोंगरात होळीची तयारी सुरू झालेली असते. भोपळ्यांनाही तिथं मागणी असते. त्याबद्दल पुढे सांगते.

आधी साल खरवडायची. बादलीत बुडवून ठेवायला गेलं की भोपळा काही बुडत नाही, वर येतो, म्हणून त्याच्यावर ओलं गोणपाट टाकून वर दगड ठेवायचा. भिजल्यावर वरचा पातळ पापुद्रा बोथट सुरीनं, मग तारेच्या घासणीनं सुटत जातो. हे काम मला फार प्रिय आहे. बुरशीचं काळं निघून जातं आणि खाली पिवळसर, गुळगुळीत, हाडासारखं टणक अंग दिसू लागतं. पण बुरशीनं केलेली वर्तुळं पूर्ण जात नाहीत. त्यांच्या फिकट तपकिरी खुणा अंगात मुरलेल्या राहतात. कुठे दाट, कुठे विरळ, कुठे एक रेघ उगाच वळून आलेली. दोन भोपळ्यांवर त्या कधी सारख्या सापडणार नाहीत. मी त्या खुणा घासून घालवत नाही. त्या वाडग्याच्या पहिल्या नक्षीकार आहेत. माझी पाळी नंतर.

कापायची रेघ सरळ यायला एक साधी युक्ती आहे. हव्या त्या उंचीच्या डब्यावर पेन्सिल आडवी घट्ट धरायची, टोक भोपळ्याला लावायचं, आणि पेन्सिल न हलवता भोपळा गोल फिरवायचा. रेघ जिथून निघाली तिथेच येऊन मिळते. मग टोच्यानं एक भोक पाडून त्यात हॅक्सॉचं पातं घालायचं; पात्याच्या एका टोकाला चिंधी गुंडाळली की तीच मूठ. नाकातोंडाला ओला रुमाल बांधल्याशिवाय मात्र पातं चालवू नये. हा भुसा इतका बारीक आणि इतका कडू असतो की रुमालातूनही घशाच्या मागच्या बाजूला चव कळते. जेवायला बसावं तर पहिला घास कडू लागतो.

पातं फिरून आलं की टोपण एकदम सुटत नाही. आतला वाळका गर दोन्ही बाजूंना धरून असतो. जरा पिळल्यासारखं केलं की फाटल्याचा आवाज होतो, आणि आत कोंडलेली हवा तोंडावर येते: आंबूस, जुन्या धान्याच्या कणगीत डोकावल्यावर येते तशी. आत पाहावं तर मळकट पांढरा, पापुद्र्यापापुद्र्यांचा गर, कुठे स्पंजासारखा, कुठे नुसते धागे, आणि त्या धाग्यांना अजून धरून असलेल्या काही बिया. बाकीच्या तळाशी. बी चपटं, तपकिरी, लांबट. एका टोकाला दोन छोटे कान, आणि अंगावर उभ्या दोन कडा, नखाला जाणवतील अशा. मी आधी सगळ्या बिया कागदावर काढते, गर खरवडायच्या आधी. चमचा लागून एकही फुटू नये.

मग चमचा, मग खरबरीत वाळू आणि बारीक गोटे आत घालून हलवणं, मग पॉलिशपेपर. आतल्या भिंतीला हात लावला की दोन थर कळतात. बाहेरचा पातळ, गच्च, ज्याच्यावर नखाची खूण उठत नाही; आतला जाडसर, बुचासारखा, जो घासत जाऊ तसा घासला जातो. वाडग्याचं वजन आणि काठाची जाडी या आतल्या थरात ठरते. काठ मी फार पातळ करत नाही. ओठाला लावायचं भांडं नव्हे हे. कडूपणा कुकुर्बिटासिन नावाच्या द्रव्यांचा असतो आणि तो पोटात गेला तर जिवावर बेतू शकतं. कडू लागलेल्या दुधीचा रस पिऊन माणसं दगावल्यावर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं तज्ज्ञांची समिती नेमली, आणि कडू लागला तर रस टाकून द्या असा तिचा स्पष्ट सल्ला होता. तेव्हा माझ्या वाडग्यात सुपारी, चाव्या, वाळलेली फुलं, शिवणाची रिळं, हवं ते ठेवा. वरण नको.

डोंगरात मात्र याच जातीच्या भोपळ्यात माणसांनी पाणी नेलं आहे, शेतावर, जंगलात, दिवसभराच्या वाटेवर. त्यासाठी गोड वाण निवडायचे, नाहीतर पुन्हा पुन्हा पाणी भरून, ओतून, कडूपणा पार जाईपर्यंत तो धुवायचा. लांब मानेच्या भोपळ्याला एका बाजूनं काप दिला की डाव झाला. तोंड छोटं ठेवून त्यात पुढच्या वर्षीचं बियाणं ठेवलं, वर शेणानं लिंपलं, झालं. आमचे वडील सांगायचे, प्रकाशाला तापीत पोहायला शिकायचं तर पाठीला वाळके भोपळे बांधून पोरांना पाण्यात सोडायचे. नवापूरच्या बाजूला कोकणा मंडळींचा डोंगऱ्यादेवाचा उत्सव मार्गशीर्षात असतो. त्यात जी पावरी वाजते तिचं पोट म्हणजे वाळका भोपळा. बांबूच्या नळ्या, मेण, टोकाला शिंग, आणि मधे तो भोपळा, ज्यात वाजवणाऱ्याचा श्वास साठतो आणि सूर न तुटता रात्रभर चालतो.

आता पाण्याला प्लास्टिकची बाटली आहे, डावाला स्टील, बियाण्याला पत्र्याचा डबा. त्यात मला दुःख करण्यासारखं काही दिसत नाही. डोंगर चढणाऱ्या बाईच्या हातात हलकी, न फुटणारी बाटली आली हे चांगलंच झालं. पण एका कामाला अजून दुसरं काही चालत नाही. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी १२४६ सालापासून चालत आल्याचं सांगतात. ती रात्रभराच्या नाचानंतर पहाटे पेटते. नवस केलेले पुरुष बावा, बुध्या होतात. पालनी पाळतात, खाटेवर बसत नाहीत, ब्रह्मचर्यानं राहतात. डोक्यावर मोरपिसांचा टोप, अंगावर पांढरे ठिपके आणि नक्षी, आणि कमरेला घुंगरांबरोबर वाळके भोपळे बांधलेले. ढोलाच्या तालावर कंबर हलते तेव्हा ते भोपळे एकमेकांवर आपटून जो खोल, पोकळ आवाज करतात, तो ढोलाच्या मधल्या जागा भरतो. रात्रीच्या थंडीत, धुरात, हजारो माणसांच्या पावलांत तो ऐकू येत राहतो. त्या कमरेला कुणी प्लास्टिकचं काही बांधलेलं मी पाहिलं नाही. होळीला भोपळा लागतो, म्हणून डोंगरात भोपळा लागवडीत राहिला.

हे मिरजेतही तसंच आहे, वेगळ्या तऱ्हेनं. मिरजेचे तंबोरे आणि सतारी घडतात त्या पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला पिकणाऱ्या मोठ्या कडू भोपळ्यांतून. फरीदसाहेब शिकलगारांपासून म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिथं हे काम चाललं आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तंबोऱ्याचा भोपळा म्हणजे तोंड कापलेला, आतून साफ केलेला, पाण्यात भिजवून हव्या त्या घेराला ताणलेला वाडगाच. फक्त त्याच्या तोंडावर लाकडी तबली बसते आणि मग तो आयुष्यभर षड्ज-पंचमानं भरलेला राहतो. भीमेकाठचा शेतकरी कडू भोपळा लावतो कारण मिरजेहून माणूस येऊन घेर मोजून घेऊन जातो. गाणं टिकलं म्हणून बी टिकलं. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. आपण उलटं बोलतो: आधी वाण जपा, बियाणं जपा, मग बघू. पण बियाणं नुसतं जपायचं म्हणून फार दिवस जपलं जात नाही. कुणाला तरी ते दर वर्षी हवं असावं लागतं.

आणि कुणाला ते निव्वळ शोभेसाठी हवं असेल तर? उपयोगाचं भांडं आता मांडणीवरची वस्तू झालं, खालच्या पायरीवर आलं, असं मला एका मैत्रिणीनं बोलून दाखवलं. मला ते पटत नाही. दक्षिण अमेरिकेत पेरू देशाच्या किनाऱ्यावर हुआका प्रिएता नावाचं एक जुनं टेकाड आहे. १९४६-४७ मध्ये जुनियस बर्ड यांनी तिथं उत्खनन केलं, तेव्हा मासेमारीच्या जाळ्यांचे तरंगते भोपळे सापडले, आणि दोन लहान कोरलेले भोपळेही सापडले, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचे. त्या लोकांना अजून मातीची भांडी करता येत नव्हती. ज्या काळात भोपळा जाळ्याला बांधला जात होता त्याच काळात दुसऱ्या भोपळ्यावर चेहरे कोरले जात होते. पोटाचं काम आणि डोळ्यांचं काम एकाच वेळी चाललं होतं. एक संपल्यावर दुसरं सुरू झालं असं नाही. आपल्याकडे बस्तरमध्ये तुम्यावर, म्हणजे वाळक्या भोपळ्यावर, तापलेल्या लोखंडानं नक्षी उठवतात, तीही आधी पाण्याच्या, ताडीसारख्या सल्फीच्या तुम्यांवरच. गोंदणारीण कुठं म्हणते की हात कामाचा आहे, मग त्याला नक्षी कशाला?

माझी नक्षीही तापलेल्या खिळ्याची. सोल्डर गन वापरून पाहिली आहे. तिची रेघ सरळ येते, थांबत नाही. खिळा निवतो. बांबूच्या मुठीत बसवलेले दोन खिळे, एक जाड, एक बारीक, शेगडीतल्या निखाऱ्यात ठेवायचे. एक हातात असताना दुसरा तापतो. पहिला ठिपका काळाभोर आणि खोल, दुसरा तपकिरी, तिसरा-चौथा नुसता करडा, मग पुन्हा निखाऱ्यात. म्हणून खिळ्याच्या नक्षीत गडद-फिकटाची एक लय आपोआप येते, श्वासासारखी, आणि जे मला हवं असतं ते नेमकं हेच. टेकवताना चर्र होतं, निळसर धुराची एक रेघ वर जाते, वास जळक्या लाकडाचा पण कडवट. हात कापला तर ठिपका लांबतो, म्हणून मनगट टेकवून बसायचं आणि वाडगा मांडीवर गोणपाटात घट्ट धरायचा.

काय काढायचं हा प्रश्न मी बराच काळ मनात घोळवला. पहिला मोह बावांच्या अंगावरच्या पांढऱ्या ठिपक्यांचा होता. भोपळा त्यांच्याच कमरेचा, तर नक्षीही त्यांच्याच अंगावरची. पण ते ठिपके नवसाचे आहेत, उपास-तापासानं अंगावर आलेले. चाव्या ठेवायच्या वाडग्यावर ते मी काढणार नाही. माझ्यापुरता हा निर्णय पक्का आहे. ज्यांचं ते आहे त्यांच्यापैकी कुणी काढलं तर गोष्ट वेगळी. मग मी ज्वारीचं कणीस घेतलं. खानदेशात वाढलेल्या कुणाचंही ज्वारीवर हक्कानं प्रेम असतं, आणि कणीस म्हणजे तरी काय, ठिपक्यांवर ठिपके. बुरशीच्या वर्तुळांच्या खुणा जिथं दाट आहेत तिथं मी दाणे काढत नाही, ती जागा मोकळी ठेवते. जिथं अंग कोरं आहे तिथं कणसं वर जातात. काठाच्या खाली बारीक खिळ्याची एक दुहेरी ओळ, बस. सगळा वाडगा भरून टाकण्याची घाई नव्या हाताला होते. भोपळ्याच्या गोलाईला मोकळी जागाच अधिक शोभते.

आतून गेरू. धावड्याचा डिंक पाण्यात विरघळवून त्यात गेरू कालवायचा आणि चिंधीनं दोन-तीन हात द्यायचे. सातपुड्यात धावडा भरपूर, डिंक बाजारात मिळतो. घट्ट बसतो, हाताला रंग लागत नाही. बाहेरून जवसाचं तेल, पातळ, एका वेळी थोडंसं, पुरतं वाळलं की मगच पुढचा हात. तेल पिऊन पिवळा रंग मधासारखा गहिरा होतो आणि बुरशीच्या खुणा, ज्या कोरड्या अंगावर पुसट वाटत होत्या, त्या वर येतात. चकचकीत व्हार्निश मी लावत नाही. त्यानं भोपळा काचेखाली ठेवल्यासारखा दिसतो, आणि याला हाताळलं पाहिजे. हाताच्या तेलानं तो आणखी सुंदर होत जातो.

वाडगा झाल्यावर कागदावर बिया उरतात, आणि त्या पाहिल्या की मला दर वेळी त्यांच्या प्रवासाचं नवल वाटतं. ही जात मूळची आफ्रिकेतली. अमेरिकेत तर ती दहा हजार वर्षांपूर्वीच पोचलेली होती, आणि कशी पोचली यावर अभ्यासकांत फार दिवस वाद होता. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वाळके भोपळे समुद्राच्या पाण्यात सोडले होते. सात महिन्यांहून जास्त काळ ते तरंगत राहिले आणि आतलं बी तरीही उगवलं. पुढे २०१४ साली जनुकांच्या अभ्यासातून दिसलं की अमेरिकेतले जुने भोपळे आफ्रिकेतल्या भोपळ्यांचेच नातलग आहेत, म्हणजे अटलांटिक त्यांनी लाटांवरूनच ओलांडला असावा. कुणी माणूस सोबत नाही, नाव नाही. ही टणक, कडू, न बुडणारी साल तेवढी होती. वसाहतीतल्या बाबांचं बी याच्या उलट वाटेनं आलं: पाणी चढत आलं आणि माणसानं ते उचलून कोरड्या जागी नेलं.

तेव्हा वाडगा ज्याला देते त्याला मी बियाही देते, कागदाच्या पुडीत, आणि एक गोष्ट बजावून सांगते. हा वेल भाजीच्या दुधीजवळ लावू नका. रात्रीचे पतंग या फुलावरून त्या फुलावर जातात आणि कडू पराग गोड वेलावर पडतो. त्या वर्षीचा दुधी गोडच लागेल, काही कळणार नाही. पण त्यातलं बी धरून पुढच्या वर्षी पेरलंत तर त्या वेलाला कडू दुधी येतील, आणि तुम्ही बी विकणाऱ्याला दोष द्याल. म्हणून शेताच्या पार दुसऱ्या टोकाला, किंवा ज्या वस्तीत कुणी दुधीचं बी घरचं धरत नाही तिथं. जोडीला आळं खोल करा, शेणखत घाला, आणि चढायला काहीतरी मजबूत द्या; तारेचा मांडव या फळांच्या वजनानं बसतो.

यंदा आमच्या गल्लीतल्या एका शाळकरी मुलीनं पुडी नेली आहे. त्यांच्या शेताच्या बांधावर जुनी बाभूळ आहे, तिच्यावर चढवणार म्हणते. दुसऱ्या दिवशी तिची आजी स्वतः चौकशीला आली. भाजी होते का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, नाही होत, आजी, कडू आहे. लेकराबाळांच्या ताटात जायला नको. वाळवून भांडं होतं फक्त. त्यांनी माझ्या टेबलावरचा वाडगा उचलून उलटा करून पाहिला, काठावरून अंगठा फिरवला, कणसाचे दाणे मोजल्यासारखं केलं. मग विचारलं, रोहिणीत लावायचं की मृगात?